.४५८ मध्ये ५०० ग्रेनचीच गोळी का?
आफ्रिकी रानरेड्याच्या शिकारीसाठी .४५८ विंचेस्टर मॅग्नम या रायफलच्या काडतुसात ५०० ग्रेनचीच (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी भरा, असं एक मत आहे; ते शिसं भरलेल्या गोळीपुरतं ठीक. अख्ख्या तांब्याच्या गोळीला ते लावू नका. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या दारू भरायच्या नळीत, जास्त आत बसते. केस मुळात २.५ इंचांची, दारूला जागा कुठून उरणार? ४५० ग्रेनची घ्या, आणि भरणीचे, म्हणजे दारू किती घालायची त्याचे, आकडे त्याच गोळीच्या कंपनीचे; शिशाच्या गोळीचे उचलाल तर दाब भलतीकडे जाईल.

क्रिंपही, म्हणजे केसचं तोंड गोळीवर दाबून आवळणं, गोळीवरच्या खाचेतच हवा. प्रत्येक बाराच्या धक्क्याने मॅगझिनमधल्या काडतुसांची टोकं पुढच्या भिंतीवर आपटतात आणि सैल गोळी आत सरकते. दोन बारांनंतर रायफल रिकामी करून तळाचं काडतूस कॅलिपरने मोजा. लांबी घटली असेल तर क्रिंप कच्चा.