गोल्फमधून पोरांना 'लाइफ स्किल्स' शिकवायचेत, पण प्रवचन न देता कसं?

पीटीवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी शाळेत पीटी घेते. आता दहा ते तेरा वयाच्या पोरांसाठी गोल्फचा कार्यक्रम सुरू होतोय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. गोल्फ थोडाफार येतो, पटिंग (होलजवळ बॉल हळूच लोटणं) बऱ्यापैकी जमतं, ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) हातात घेतला की मात्र देवाचं नाव घ्यायचं. पण माझी अडचण खेळाची नाहीये. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय की यातून मुलांमध्ये प्रामाणिकपणा, संयम, आदर, जबाबदारी वगैरे वगैरे रुजेल, आणि वरून जो प्लॅन आलाय त्यात प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं 'मूल्य चर्चा' ठेवलीये. मी या पोरांना ओळखते हो, तिसऱ्या मिनिटाला एक जण दुसऱ्याच्या बुटाची लेस सोडत असतो आणि उरलेली "हो मॅडम, खरं बोलावं मॅडम" म्हणत क्लबकडं, म्हणजे गोल्फच्या काठीकडं, बघत बसतात.

तर प्रश्न असा की गोल्फ खेळताखेळताच हे शिकवता येतं का, येत असेल तर नेमकं काय करायचं, की हे सगळं नुसतं कार्यक्रम खपवायला लिहितात? अनुभव असलेल्यांनी सांगा, लांबलचक लिहिलंत तरी वाचीन.

बंकर_मास्तर

ताई, ज्युनियर बॅच घेतो, बरीच वर्षं झाली. ती पंधरा मिनिटं पहिली काढून टाका आणि तो वेळ खेळाला द्या.

पहिल्या दिवशीच प्रत्येकाच्या हातात स्कोअरकार्ड (प्रत्येक होलला किती फटके लागले ते लिहायचं, जितके कमी तितकं चांगलं) आणि पेन्सिल द्या. बाकीच्या बहुतेक खेळांत शिट्टी फुंकणारा कोणीतरी असतो आणि पोरं त्याला गंडवायला पटकन शिकतात. गोल्फमध्ये आपली चूक आपणच ओळखून पेनल्टी, म्हणजे दंडाचा जादा फटका, आपणच लावून घ्यायची असते, नियम 1.3 मध्ये ते लिहिलेलंच आहे. आणि पोरांची खरी कसोटी लागते ती एअर शॉटला, म्हणजे बॉल मारायला क्लब फिरवला पण लागलाच नाही, बॉल जागच्या जागी. नियमानं तो स्ट्रोक, म्हणजे फटका, धरायचा. पोरांना हे अजिबात पटत नाही, "सर मी लावलाच नाही ना बॉलला!" हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. पण मारायचा म्हणून फिरवला होतास ना, मग मोज.

एक उदाहरण सांगतो. परवा एक मुलगी, अकराएक वर्षांची, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) अडकली. पहिल्या फटक्यात नुसती वाळू उडाली, दुसऱ्यात बॉल बंकरच्या काठापर्यंत चढला आणि घरंगळत परत पायाशी, तिसऱ्यात कसाबसा बाहेर. मग पटिंगचे दोन फटके, म्हणजे दोन पट. होलमधून बॉल काढला, बोटं मोजायला लागली, मधेच मान वळवून कडेला बघितलं, तिथं वडील हाताची घडी घालून उभे. म्हणाली, "सहा." तिची मार्कर (तिचे फटके कार्डावर लिहिणारी) म्हणजे तिचीच मैत्रीण, ती बिचारी पेन्सिल धरून गप्प. आता इथं "खरं सांग" म्हटलं की खेळ खलास, पोरगी सहाला चिकटून बसणार आणि वर रडणार. मी एवढंच म्हटलं, टी पासून (होलच्या सुरुवातीच्या जागेपासून) सांग बरं कसं कसं खेळलीस. ती सांगायला लागली, टी, मग फेअरवेवरचे दोन, मग बंकर, बंकर, बंकर, मग पट पट, आणि आठवर पोचली. मैत्रिणीला म्हणाली, "आठ लिही गं." मी फक्त "चला पुढच्या टी वर" म्हटलं. शाबासकी दिली नाही, मुद्दाम. खरा आकडा लिहिणं ही रोजची गोष्ट आहे, त्याला टाळ्या वाजवायला लागलो तर पोरं टाळ्यांसाठी खरं बोलायला लागतील.

तर मुलगा आकडा सांगेल तेव्हा संशय घ्यायचा नाही, होल पुन्हा चालत सांगायला लावायचं. बऱ्याच पोरांना खरंच आठवत नसतं हेही लक्षात ठेवा, आठ-नऊ फटके लक्षात ठेवणं त्या वयात अवघडच असतं. आणि पालकांना लांब ठेवा. माझ्या मते पोरं फसवतात ती निम्म्याहून जास्त वेळा कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघूनच.

अजून एक फार कामाची गोष्ट म्हणजे अनप्लेएबल, खेळता येणार नाही असा बॉल. बॉल झुडपात गेला, तर तो खेळण्यासारखा आहे की नाही हे फक्त खेळणाऱ्यानं ठरवायचं (पेनल्टी एरियात, म्हणजे पाणी वगैरे असलेल्या खुणा केलेल्या भागात, बॉल असेल तर हा नियम लागू नाही). एक पेनल्टी घ्या आणि दोन क्लब लांबीच्या आत ड्रॉप करा (हातातून बॉल खाली सोडा), किंवा होल आणि बॉल एका रेषेत ठेवून मागं जा, किंवा जिथून मारला तिथं परत. बारा वर्षांच्या पोराला हे ठरवायला लावून बघा. पहिले काही दिवस सगळे हिरो असतात, झुडपातूनच मारणार, चार फटके घालवणार. मग हळूहळू एखादा उभा राहून विचार करायला लागतो की आत्ता एक गमावला तर पुढचे तीन वाचतील. तुमच्या पत्रकातलं जे 'निर्णयक्षमता' आहे ना ते हे. तुम्ही फक्त सल्ला द्यायचा नाही, ही तुमची परीक्षा, जीभ चावून उभं राहायचं.

शंकासुर

मास्तरांचं वाचून बरं वाटलं, पण थोडं पाणी ओततो. गोल्फनं चारित्र्य घडत असतं तर जगातले सगळे गोल्फर संत झाले असते. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) फुगवून बक्षिसं लाटणारे लोक काय दुसऱ्या खेळातून आलेत का. आणि 'आदर' शिकवणाऱ्या या खेळाचा इतिहासही बघा जरा. अमेरिकेतल्या पीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या, घटनेत 1934 पासून 1961 पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद करायचं असं कलम होतं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबनं बायकांना सभासद करून घेतलं ते 2012 मध्ये, सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए क्लबनं त्यासाठी मतदान घेतलं 2014 मध्ये. म्हणजे पेनल्टी स्वतःवर लावून घेणारी सज्जन माणसं दार मात्र लावून बसली होती. म्हणून म्हणतो, खेळ आपोआप काही शिकवत नाही, शिकवणारा कोण आणि आत कोणाला घेतो यावर सगळं आहे. ताई, तुमच्या कार्यक्रमात नेमकी कोणती पोरं येणारेत? ज्यांच्या घरी आधीच क्लबचा सेट आहे तीच ना?

हिरवळ_७२

शंकासुरांचा इतिहास बरोबर आहे, पण आपोआप होत नाही म्हणून होतच नाही असं नाही ना. अमेरिकेतच 1997 मध्ये फर्स्ट टी म्हणून कार्यक्रम सुरू झाला, ज्यांना हा खेळ मिळत नव्हता अशा मुलांपर्यंत तो न्यायचा हाच मूळ हेतू. त्यांनी नऊ मूल्यं ठरवली होती, प्रामाणिकपणा, सचोटी, खिलाडूवृत्ती, आदर, आत्मविश्वास, जबाबदारी, चिकाटी, सौजन्य आणि सारासार विचार. यादी काय कोणीही करेल. पण त्यांनी मूल्य आणि गोल्फचं कौशल्य एकाच सरावात बांधलं, आधी भाषण मग खेळ असं वेगवेगळं ठेवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. रागावर त्यांचं 'स्टार' आहे, थांब, विचार कर, पुढं काय होईल ते बघ, मग वाग. पोरांना चार पायऱ्या लक्षात राहतात. आणि कोचनं बोलायची पद्धत 'गुड-बेटर-हाऊ', म्हणजे काय चांगलं झालं, काय अजून चांगलं होऊ शकतं, आणि ते कसं करशील, तिन्ही उत्तरं आधी पोरानंच द्यायची. मी हे घरी अभ्यासाला पण वापरते, भांडणं कमी झालीत थोडी.

यावर अभ्यासही झालाय, मिनेसोटा विद्यापीठातल्या मॉरीन वाइस यांनी या कार्यक्रमातल्या मुलांना काही वर्षं फॉलो केलं होतं. मैदानावर शिकलेलं मुलं शाळेत आणि घरी वापरतात का हेच बघायचं होतं, तर मुलं स्वतः उदाहरणं देऊन सांगत होती, आणि दुसऱ्या उपक्रमांतल्या मुलांशी तुलना केली तेव्हा बऱ्याच कौशल्यांत ही पुढं निघाली.

शंकासुर

मुलांनी स्वतःच भरलेली उत्तरं, आणि टिकून राहतात ती मुळात आवड असलेलीच मुलं. पण ठीक आहे, सरावातच मूल्य बांधायचं हे पटलं, पंधरा मिनिटांच्या चर्चेपेक्षा कितीतरी बरं.

बॅग_उचल्या

माझं मत जरा वेगळं. खेळण्यापेक्षा कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारा मदतनीस) म्हणून पोरं जास्त शिकतात. अनोळखी मोठ्या माणसाबरोबर चार तास चालायचं, वेळेवर यायचं, बॉल कुठं पडला त्यावर नजर ठेवायची, माणूस चिडला असेल तर गप्प राहायचं आणि विचारलं तर नीट उत्तर द्यायचं. असली शाळा कुठं मिळणार? अमेरिकेत चिक इव्हान्स नावाच्या गोल्फरच्या नावानं 1930 पासून कॅडी मुलांना कॉलेजची स्कॉलरशिप मिळते, फी आणि राहणं दोन्ही, आजवर हजारो मुलं त्यातून शिकलीत. तुमच्या लहान पोरांना खऱ्या बॅगा उचलायला लावू नका अर्थात, पण एकमेकांचे कॅडी करा. एक होल तू खेळ मी कॅडी, पुढचा उलट. कॅडीनं क्लब पुसून द्यायचा, बंकर रेक करायचा, ग्रीनवरचा (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवरचा) बॉलचा खड्डा बुजवायचा. जो दुसऱ्याचा बंकर रेक करतो तो स्वतः नंतर बंकरमध्ये बघून पाय टाकतो, मी पाहिलंय.

पीटीवाली_ताई

बाप रे, एवढं सगळं! मनापासून थँक्यू. शंकासुर सर, पोरं मिश्र आहेत, क्लब शाळेचेच वापरायचेत, घरून कोणी काही आणायचं नाही असं मी आधीच ठरवून घेतलंय, नाहीतर पहिल्या दिवशीच कोणाच्या बॅगेवर काय नाव आहे ते सुरू होतं.

चर्चा काढून टाकायला वरचे तयार होतील असं वाटत नाही, पण एखादी खरी गोष्ट सांगून दोन मिनिटांत उरकता येईल. अशी आहे का एखादी? आणि दुसरं, एक मुलगा आहे, हुशार आहे खेळात, पण फटका चुकला की क्लब फेकतो. ओरडून झालं, बाजूला बसवून झालं. काय करू?

बंकर_मास्तर

गोष्ट 2010 ची घ्या, अमेरिकेतल्या हिल्टन हेडच्या स्पर्धेची. ब्रायन डेव्हिस आणि जिम फ्युरिक हे दोन गोल्फर प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक खेळात. डेव्हिसचा बॉल हॅझर्डमध्ये (पेनल्टी एरियाचं तेव्हाचं नाव), त्यानं मारला, आणि क्लब मागं नेताना वाळक्या काडीला किंचित लागला असं त्यालाच वाटलं. त्यानं स्वतःच अधिकाऱ्याला बोलावलं. स्लो मोशनमध्ये बघितलं तेव्हा कुठं दिसलं. तेव्हाच्या नियमानं दोन स्ट्रोकची पेनल्टी, सामना गेला, आणि पीजीए टूरवर तोवर एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती त्यानं. गोष्ट इथंच थांबवा आणि विचारा, तुम्ही सांगितलं असतं का? "नाही" म्हणणाऱ्या पोराला बोलू द्या, ओरडू नका. सगळ्यात चांगली चर्चा त्याच्यामुळंच होते. आणि कार्ड नीट तपासायची सवय लावायची असेल तर 1968 च्या मास्टर्स स्पर्धेची, अर्जेंटिनाच्या रोबर्टो दे विसेन्झोनं 17 व्या होलवर तीनच मारले होते, मार्करनं चार लिहिले, यानं न बघता सही केली, नियमानं जास्तीचा आकडा कायम राहिला आणि प्लेऑफ हुकला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगू नका मात्र.

क्लब फेकण्याचं. नियम 1.2 मध्ये आयोजकांना स्वतःची आचारसंहिता करून तिला पेनल्टी लावता येते. ती तुम्ही करू नका, पोरांना करायला लावा. क्लब फेकला तर काय, दुसऱ्याच्या फटक्याच्या वेळी बोललं तर काय, सगळं त्यांनीच ठरवायचं, कागदावर लिहायचं, सह्या करायच्या. पोरं आपल्यापेक्षा कडक असतात, माझ्या बॅचनं पहिल्या फेकीलाच दोन स्ट्रोक ठेवलेत, मी एकच म्हणत होतो. मग तो मुलगा तुमच्याशी भांडू शकत नाही, सही त्याचीच आहे. आणि चिडतो ना, तर त्याला फटक्यानंतर दहा पावलं चालेपर्यंत मनातल्या मनात काय शिव्या घालायच्या त्या घालू दे, दहाव्या पावलाला पुढच्या फटक्याचं बघायचं. राग येऊच नये असं सांगण्यात अर्थ नाही, मलाही येतो.

एक गोष्ट मात्र पोरांवर सोडायची नाही, सुरक्षितता. क्लब फिरवणाऱ्याच्या मागं-पुढं कोणी उभं राहायचं नाही, सगळ्यांचे मारून होईपर्यंत बॉल आणायला पळायचं नाही, आणि बॉल कोणाकडं जातोय दिसलं की लाज न बाळगता "फोर!" ओरडायचं. इथं चर्चा नाही, मतदान नाही. फेकलेला क्लब दुसऱ्याला लागू शकतो हे त्या पोराला वेगळं घेऊन सांगा.

हिरवळ_७२

आणि ताई, सगळेच सेशन एकेकट्याच्या स्कोअरवर नको. स्क्रॅम्बल खेळवा, चौघं मारतात, त्यातला सगळ्यात चांगला बॉल निवडून सगळे तिथून पुढं. कच्च्या पोराचा एक पट जरी पडला तरी तो दिवसभर उड्या मारतो, आणि कोणाचा बॉल घ्यायचा यावर जी वादावादी होते ती ऐकण्यासारखी असते.

पीटीवाली_ताई

सह्यांचा कागद उद्याच करते. पालकांना पत्र पण लिहिते, पहिले काही सेशन गेटवरूनच टाटा. शेवटचं एक, शाळेच्या मैदानावर खरे बॉल वापरायला भीती वाटते, मऊ बॉल चालतील का?

बंकर_मास्तर

चालतील, सुरुवातीला तेच घ्या, मोठ्या तोंडाचे प्लास्टिकचे क्लब पण मिळतात लहानांसाठी. फक्त पटिंगला खरा बॉल द्या, मऊ बॉल नीट लोळत नाही. आणि दोन-तीन क्लब डावखुऱ्यांचे मागवून ठेवा, ते हमखास विसरतात.