एक्स्चेंजला गेलं की भारतीयांचा ग्रुप सोडायचा? सपशेल चुकीचा सल्ला

माहीमकर:
परवा इथे एकाने लिहिलं: "जर्मनीला एका सेमिस्टरसाठी जाताय तर भारतीयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पहिल्याच दिवशी सोडा, नाहीतर दादरहून निघून दादरलाच उतराल." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

पहिले दोन आठवडे कागदांचे असतात, मैत्रीचे नाहीत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात, त्यामुळे मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच खर्चाचे पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात (२०२४ पासूनचा आकडा), पण चालू खातं उघडल्याशिवाय ते हातात पडत नाहीत. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ती घरामागे एक असते. चौघांच्या फ्लॅटमध्ये एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. हे माहीत नसलं की चौघांना चार पत्रं येतात. गेल्या वर्षी तिथे गेलेली ठाण्या-पुण्याची मुलं हे दोन मिनिटांत सांगतात. त्यांनाच सोडून द्यायचं?

परळची:
माहीमकर, कागदांसाठी विद्यापीठात इंटरनॅशनल ऑफिस असतं, बडी म्हणून तिथलाच एक विद्यार्थी जोडून देतात. त्याला विचारा. कागदांच्या निमित्ताने ग्रुपमध्ये शिरलेला मुलगा फेब्रुवारीपर्यंत बाहेर पडत नाही, खरी अडचण ही आहे.

हिशेब करा. हिवाळी सत्राची लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. त्यात नाताळचे दोन आठवडे वजा. तिथली मैत्री गप्पांतून होत नाही, ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटून होते. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत कुठल्यातरी साप्ताहिक गोष्टीत नाव घालायलाच हवं. विद्यापीठाच्या खेळवर्गांची ऑनलाइन नोंदणी ठरलेल्या तासाला उघडते आणि बॅडमिंटन-व्हॉलीबॉल काही मिनिटांत भरतं. कोर्स नंबर आदल्या रात्री लिहून ठेवा आणि बँक खात्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, हाताशी ठेवा, कारण फी बहुतेक थेट खात्यातून कापतात. जागा नाही मिळाली तर कॉयर, म्हणजे गायनवृंद, किंवा भाषेचा टँडम, म्हणजे दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची. पहिल्या तीन वेळा दांडी मारली की गट जमून गेलेला असतो.

आणि आपली "कधीतरी ये ना घरी" ही पद्धत तिथे चालत नाही. वार आणि वेळ ठरवा, आठवडाभर आधी. सात म्हणजे सात. जेवायला बोलावलं तर काय आणू ते विचारा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो. हॉटेलात बिल ज्याचं त्याने भरायचं. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मनची पहिली पातळी, ए-१, केली म्हणजे सहा जर्मनांच्या टेबलावरचं बोलणं समजेल असं नाही, पण न समजताही बसून राहावं लागतं. ग्रुपवाली मुलं नेमकी तेवढं बसत नाहीत.

माहीमकर:
ताई, डिसेंबराचं काय? दुपारी चारला अंधार. २४ तारखेला दुपारपासून दुकानं बंद, २५ आणि २६ पूर्ण बंद. हॉस्टेलचा मजला रिकामा, तुमचे व्हॉलीबॉलवाले आपापल्या गावी. संध्याकाळी आठला फोन करावा तर मुंबईत साडेबारा वाजलेले, घर झोपलेलं. वीस वर्षांच्या पोराला तेव्हा कोणी नको असं म्हणणं निर्दयपणाचं आहे, मी हे रागानेच लिहितोय.

वरणभात:
तुम्ही दोघं मूळ कारण सोडूनच बोलताय. मजल्यावरची माणसं दुरावतात ती स्वयंपाकघरात. आपली मुलं रात्री साडेदहाला कुकर लावतात, आणि रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची असते. पाच शिट्ट्या सगळ्या मजल्याला ऐकू जातात.

चर्नीरोड:
कुकरवर खापर फोडू नका! तो नीट वापरता येतो. काचेच्या शेगडीची प्लेट बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे गॅसच्या सवयीपेक्षा एक शिट्टी आधीच बटण बंद करायचं, उरलेलं तेवढ्या उष्णतेवर शिजतं. भांडणं होतात ती फोडणीवरून. तेल धुरावलं की लोक स्वयंपाकघराचं दार उघडतात, धूर पॅसेजमध्ये जातो आणि डिटेक्टर तिथेच असतो. इमारतीचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर बंब येतो आणि खर्चही मागू शकतात. दार बंद, खिडकी सताड उघडी, तेल मध्यम आचेवर, आणि कढई खाली उतरवल्यावर हिंग.

परळची:
आणि वासाचं? सहा जणांचं एक स्वयंपाकघर असतं. सफाईचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, आपल्या आठवड्यात ओटा तेलकट राहिला तर तोंडावर कोणी बोलत नाही, दारावर चिठ्ठी लागते.

चर्नीरोड:
ओटा पुसायचाच, तिथे वाद नाही. पण वासाची लाज वाटून घ्यायची नाही, हे ठणकावून सांगतो! त्यांचं चीज फ्रिजमध्ये असतंच की. डाळ करा, एक वाटी जास्त करा, शेजारच्या खोलीला विचारा. तुमच्या टँडमपेक्षा ते लवकर होतं.

परळची:
विचारलं तर होतं, हे मान्य. विचारत नाहीत, चौघं मराठीत बोलत जेवतात, हेच मी मघापासून सांगतेय.

मुलुंडची आई:
मुलगी ऑक्टोबरात निघतेय. भांडण बाजूला ठेवून कोणी सांगेल का, कुकर द्यायचा की नाही? आणि घरचं तूप?

चर्नीरोड:
ताई, हॉस्टेलला मेल करून शेगडी इंडक्शन आहे का ते आधी विचारा. इंडक्शनवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटला तरच द्या. स्टीलचा, सपाट तळाचा, दोन-तीन लिटरचा. जास्तीचं गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथूनच द्या, त्या मापाचं तिथल्या दुकानात सापडत नाही. वजन होत असेल तर कुकर राहू द्या. मसूर न भिजवता साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते, तूरडाळ अर्धा तास भिजवून चाळीसेक मिनिटं घेते.

वरणभात:
तूप देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत, पेढे-बर्फीसुद्धा. कस्टमवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही चालत नाही. गोडा मसाला खुशाल द्या. तूप तिथे बुटरश्माल्त्स नावाने कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, फक्त रविवारी नाही, शनिवारीच आणून ठेवायला सांगा.