"माझं एक मत नसतं तरी निकाल तोच लागला असता" म्हणणाऱ्यांना

जावळीकर
दोन दिवस एक पोस्ट सातारकरांच्या ग्रुपांवर फिरतेय. लिहिणारा म्हणतो, 2024 ला लोकसभेत उदयनराजे 32,771 मतांनी आले. मी मत टाकलं असतं तर आकडा एकानं इकडं नाहीतर तिकडं सरकला असता, म्हणून 7 मेला सुट्टी घेऊन मी महाबळेश्वरला गेलो आणि मला त्याचं काही वाटत नाही. खाली सगळे अंगठे दाखवतायत. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

या माणसानं दिलेलीच निवडणूक घ्या. त्याच मशीनवर पिपाणी चिन्हाचा एक अपक्ष होता. त्याला 37,062 मतं पडली. उदयनराजेंविरुद्ध पडलेल्या शशिकांत शिंदेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, तिच्यात आणि पिपाणीत गल्लत होणं सोपं. म्हणजे हारजितीचा फरक पिपाणीच्या मतांपेक्षा कमी! त्या 37 हजारांतला प्रत्येक जण पडद्यामागं एकटाच उभा होता. "माझ्या एकट्याच्या बटणानं काय होतंय" असं त्यातल्या प्रत्येकाला म्हणता आलं असतं.

दुसरं आमच्या जावळीचं. 2021 ची सातारा जिल्हा बँकेची निवडणूक, सोसायटी गट. ज्ञानदेव रांजणे 25, शशिकांत शिंदे 24. मंत्रिपद भूषवलेला माणूस एका मतानं पडला.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निकालानंतर फॉर्म 20 निघतो, त्यात बूथनिहाय मतं असतात. कार्यकर्ते तो पाठ करतात. कुठल्या वाडीनं किती मतदान केलं, कुणाला केलं, सगळं कळतं. आमची वाडी डोंगरात, घरं थोडी, तरणी पोरं मुंबईला. मतदान नेहमी कमी. रस्त्याचा विषय काढला की समोरचा म्हणायचा, "तुमच्याकडं मतंच किती?" एका निवडणुकीला आम्ही घरोघर फिरून म्हातारी माणसंसुद्धा खाली उतरवली. पुढच्या उन्हाळ्यात खडी पडली. उमेदवार आमचा नव्हताच, पडला होता. तरी खडी पडली.

मिरज_जंक्शन
जावळीकर साहेब, मनापासून लिहिलंय, पण एकही उदाहरण तुमच्या बाजूचं नाही.

जिल्हा बँकेच्या सोसायटी गटात मत सोसायट्यांच्या प्रतिनिधींचं असतं. एकूण पन्नासच्या आत मतदार. तिथं एका मताला वजन असणारच. त्याची लोकसभेशी तुलना कशी करता? पिपाणीला पडलेली मतं 37 हजार होती, एक नव्हतं. त्यातलं कुठलंही एक काढा, निकाल तोच. आमच्या सांगलीत 2024 ला विशाल पाटील अपक्ष लाखाच्या फरकानं आले. त्या दिवशी आईला गुडघेदुखी असून उन्हात रांगेत उभी केली. संध्याकाळी पाय सुजले. तिच्या मतानं नेमकं काय बदललं, ते सांगा. हे मी हौस म्हणून विचारत नाही.

आणि रस्त्याचं म्हणाल तर ती अख्ख्या वाडीची ताकद. वाडी जमली म्हणून खडी पडली.

कराडची_लेक
वाडी कशी जमते हो? एकेक जण घरातून उठतो तेव्हाच ना?

राजस्थानात 2008 ला नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मतानं पडले. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते, निवडून येते तर मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत होते. ही साधी विधानसभा, पन्नास प्रतिनिधींची बँक नव्हे. मुंबई उत्तर पश्चिमला 2024 ला लोकसभेचाच निकाल 48 मतांवर लागला. समसमान पडली तर कायद्यानं चिठ्ठी टाकतात. म्हणजे जे एक मत तुम्ही घरी ठेवलं, त्याच्या जागी चिठ्ठी बोलते.

आता माझं ऐका. मी एकदा बूथवर गेले, तर यादीत माझ्या नावापुढं सही झालेली. कुणीतरी माझं मत टाकून गेलं होतं. मी अडून बसले. शेवटी त्यांनी कागदी मतपत्रिका दिली, प्रदत्त मत म्हणतात त्याला. ते पाकिटात बंद होतं, मोजणीत धरत नाहीत, कोर्टात गेलं तरच उघडतं. घरी येऊन मी रडले. एका मताला किंमत नसती तर ते चोरायला कोण कशाला आलं असतं?

मिरज_जंक्शन
ताई, तुमच्यावर अन्याय झाला. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण अशी शेकड्यानं चोरतात तेव्हा त्यांचा फायदा होतो. तुमचं एकटीचं चोरून नाही.

माणदेशी_माणूस
तुम्ही सगळे एक मत किती मोठं यावर भांडताय. माझं मत लहान कोण करतं ते मी सांगतो.

आम्ही गावात राहतो. उन्हाळ्यात टँकरची वाट आम्ही बघतो, ग्रामसभेला आम्ही बसतो. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या येतात, सोनं-चांदी गाळायला परराज्यात गेलेले गलाईवाले कुठून कुठून येतात, जेवणं होतात, सकाळी मतदान, दुपारी परत. पाच वर्षं तोंड दाखवत नाहीत. ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डाचा निकाल अशाच एका गाडीनं फिरला. लोकसभा-विधानसभेला तर उमेदवारानं मतदारांना फुकट गाडीनं नेणं कायद्यात भ्रष्ट आचरण आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123. कोण विचारतंय?

गलाईवाला_विटा
तोंड सांभाळून बोल.

माझा बाप सोनं-चांदी गाळायला तामिळनाडूत गेला तो हौसेनं नाही. शेतात कुसळं होती म्हणून गेला. भट्टीच्या धुरात आणि ॲसिडच्या वासात त्याची छाती गेली. गावच्या शाळेच्या खोल्या, देवळाचा सभामंडप, दुष्काळातला चारा, पैसा कुणाचा आला? पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारात येताना आम्ही गावचे असतो, आणि मतदानाला परके? मी स्वतःच्या तिकिटानं येतो. दोन रात्री रेल्वेत बसून.

माणदेशी_माणूस
पैसा दिला म्हणून मत मिळतं का? मग जो जास्त देतो त्याला दोन मतं द्या. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 20 वाच. गावात घर आहे एवढ्यानं माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही.

गलाईवाला_विटा
तेच कलम पुढं वाच. तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास तुटत नाही, असंही त्यातच आहे.

माणदेशी_माणूस
दोन पिढ्या तात्पुरत्या?

जावळीकर
अरे, मूळ विषयावर या. पण माणदेशी, तुला एक सांगतो. आमच्याकडचे माथाडी कामगार आयुष्यभर मुंबईत पाठीवर पोती वाहून शेवटी गावातच येतात. त्यांची म्हातारी गावात, रेशनकार्ड गावात. ते कामोठ्यात भाड्यानं राहतात, मालक अकरा महिन्यांनी घर बदलायला लावतो. त्यांनी नाव कुठं ठेवायचं? आणि ऊस तोडायला बीडहून आपल्याकडं येणाऱ्यांचं काय? 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला होती, तेव्हा कोयता हातात घेऊन माणसं घर सोडतात. यांच्या एका मतावर कुणीच धागा काढत नाही.

माणदेशी_माणूस
ऊसतोडवाल्यांचं मान्य. त्यांना कामावरच मतदानाची सोय हवी. गाळे आणि बंगले बांधलेल्यांची तुलना त्यांच्याशी करू नका.

मिरज_जंक्शन
मूळ विषयावर येतो. पलूस-कडेगावला 2019 ला नोटा दुसऱ्या नंबरवर होता, वीस हजारांच्या वर मतं. एवढ्या लोकांनी सांगितलं की समोरचं कुणीच नको. काय बदललं? वीस हजारांनी बदलत नसेल तर एकानं काय बदलणार?

कराडची_लेक
तिथं नोटाला पहिला नंबर मिळाला असता तरी त्याच्याखालचा उमेदवारच निवडून आला असता, कारण विधानसभेला नियमच तसा आहे. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. लोक ते बटण दाबत होते म्हणूनच हा विचार करायची वेळ आली, असं मला वाटतं.

मिरज_जंक्शन
असं तुम्हाला वाटतं. पुरावा नाही. तरी ग्रामपंचायत आणि नगरसेवकापुरतं मी सोडतो, तिथं एक मत निकाल फिरवू शकतं. फॉर्म 20 चा मुद्दाही खोडता येत नाही, वाडी दिसते त्यात. लोकसभेला मी आईला उन्हात नेणार नाही, यावर मी ठाम आहे.

जावळीकर
85 च्या पुढच्यांना घरून मतदान करता येतं. आईंचं वय किती?

मिरज_जंक्शन
त्र्याहत्तर. म्हणजे अजून बारा वर्षं रांगच.

माणदेशी_माणूस
मी फॉर्म 7 भरतोय. आमच्या यादीत जे गावात राहत नाहीत त्या प्रत्येकाच्या नावावर हरकत घेणार.

गलाईवाला_विटा
भर. माझं नाव पहिलं घाल. सुनावणीची नोटीस आली की भट्टी बंद ठेवून येतो आणि तुझ्यासमोर उभा राहतो. तुझा चुलता मागच्या वेळी किती मतांनी सदस्य झाला ते गावाला माहीत आहे, आणि त्यात आमच्या घरातली चार होती. ती पण खोडून टाक.