बोटीवरच्या पोरांना जिनिव्हाचा काय उपयोग?

किनाऱ्यावरचा: आयएमओ ही जहाजवाहतुकीची, आयएलओ ही कामगारांची जागतिक संघटना; दोन्हींचं काम म्हणजे लंडन-जिनिव्हात बसून कागद काळे करणं. २०२० मध्ये कोरोनात चार लाख दर्यावर्दी बोटींवर अडकले, तेव्हा काय केलं यांनी? आपल्या माणसांचं आपल्या सरकारनं बघावं.

देवगडकर: राहवलं नाही म्हणून लिहितोय. मालक एका देशाचा, झेंडा (म्हणजे बोटीची नोंदणी) पनामाचा, विमा लंडनचा, खलाशी रत्नागिरीचा. आपलं सरकार जाब विचारणार कुणाला? माझा धाकटा भाऊ आखातात पाच महिने नांगरावर होता, मालकानं हात वर केलेले. जनरेटर दिवसाला एक तास, तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल चार्ज करायचे. मेसच्या भिंतीवर विम्याचं प्रमाणपत्र होतं, आयएलओच्या सागरी कामगार करारानं ते २०१७ पासून सक्तीचं केलंय. त्यावरच्या नंबरला फोन लावला, चार महिन्यांचा थकलेला पगार आणि तिकीट मिळालं. एकट्या भारताच्या कायद्यानं परक्या झेंड्याच्या बोटीवर तो कागद लागला असता?

वसईवाला: तुमच्या भावाचं नशीब. माझ्या चुलतभावाच्या बोटीवर त्याच कागदाची मुदत संपलेली होती. अकरा महिन्यांनी घरी आला. आयएमओकडे ना पोलीस, ना कोर्ट.

कॅडेटची आई: अंमलाचं बोलताय तर आधी एजंटांचं बोला. मुलाच्या जॉइनिंगला साडेतीन लाख घेतले, गळ्यातलं मोडलं मी. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्याच करारात आहे. भारतानं २०१५ मध्ये मान्य केलाय तो.

वसईवाला: तुमच्यासारखे देतात म्हणूनच ते माजलेत.

कॅडेटची आई: तोंड सांभाळा. कोर्स करून पोरगा दोन वर्षं घरात बसला की कळतं.

निवृत्त सारंग: ताईंना बोलू नका. मीही पहिल्या बोटीसाठी पैसे मोजलेत, बायकोला आजवर सांगितलेलं नाही. आणि पोलीस नाहीत म्हणता, पण बंदरात तपासनीस चढला की कॅप्टनची धावपळ मी तीस वर्षं पाहिली. दोष सापडला की बोट अडकवतात, भाडं बुडतं. हिंदी महासागरातल्या देशांचा अशा तपासणीचा करार आहे, त्याचं कार्यालय आपल्या गोव्यातच आहे.

किनाऱ्यावरचा: बरं, भिंतीवरच्या कागदाचं मानलं. २०२० चं काय?

देवगडकर: बंदरं देशांनीच बंद केली. खलाशी कसे बदलायचे याची बारा पायऱ्यांची पद्धत आयएमओनं मे महिन्यातच दिली होती. पाळली नाही त्यांना विचारा.

वसईवाला: म्हणजे दात नाहीतच, हेच मी म्हणत होतो. ताई, बोललो ते चुकलं. पावती असेल तर डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक खात्याकडे, तक्रार करा.

कॅडेटची आई: पावती कसली? गाडीत बसून रोख मोजून घेतले.