कायद्यात बसतं, पण बरोबर आहे का? गोव्यातल्या कामाधंद्यांतून

"कायद्यानं चालतं", "आमच्या धंद्यात असं करत नाहीत" आणि "मी असं करणार नाही" ही तीन वाक्यं आपण एकमेकांत कालवून टाकतो. तुमच्या कामात ती नेमकी कुठे वेगळी होतात, ते लिहा. आपबीती नको, कुणाचं नाव नको. कामाची रीत सांगा, कागद आणि मापं सांगा, गाडं कुठे घसरतं ते सांगा. आलेली उत्तरं अशी.

दस्त लिहिणारा, म्हापसा
वारसदारीच्या दस्तापासून सुरुवात करतो. माणूस गेला की "ह्याचे वारस हेच आणि एवढेच" असं नोटरीपुढे सांगावं लागतं. ते सांगतात वारस नसलेली तीन विश्वासू माणसं. म्हणजे कायदा इथे तिघांच्या जिभेवर उभा आहे. नोटरी मृत्यूचा दाखला बघेल, ओळखपत्रं बघेल, पण साखळी गावात लग्न करून दिलेली थोरली मुलगी कागदात आलीच नाही हे त्याला कुठून कळणार? ते तिघांनीच बोलायला हवं. आणि तिघं बहुतेक वेळा दस्त करणाऱ्या भावाच्याच ओळखीतले. न बोलणं हा गुन्हा आहेच, पण तो उघडा पडायला वीस-वीस वर्षं जातात.

ह्याहून जास्त चालतं ते हक्कसोडीचं. आपल्याकडे आईबापांच्या मालमत्तेतला अर्धा वाटा कायद्यानं मुलांसाठी राखलेला असतो. मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मृत्युपत्र करूनही तो काढून घेता येत नाही. आईबाप हयात असताना वारसा आगाऊ सोडताही येत नाही. म्हणून सगळी घाई दिवसकार्य उरकल्यावर. बहीण गणपतीच्या चवथीला माहेरी येते, तेव्हा "सही कर गे, नुसती नावं लावायची आहेत". लग्नानंतर मालमत्ता सामायिक, म्हणून जावयाचीही सही लागते. हुशार भाऊ आधी जावयाला पटवतो, मग बहिणीला "नाही" म्हणायला जागाच उरत नाही. सही खरी, फोटो खरा, दस्त नोंदलेला. कायद्याच्या नजरेला त्यात खोट दिसत नाही.

दस्त लिहिणाऱ्यानं काय करावं? मसुद्यात "सर्व हक्क" असं गोलमाल लिहून सोडू नये. सर्वे नंबर, चौरस मीटर आणि तिच्या वाट्याला किती येतं, हे आकड्यांत मांडावं. मसुदा आठवडाभर आधी तिच्या घरी पाठवावा. सहीच्या दिवशी भावाला बाहेर बसवून तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. हे कुठल्याही कलमात सापडत नाही, आणि असं करणाऱ्याकडे गिऱ्हाईक थोडं कमी येतं, हेही खरं.

जाळी विणणारा, वास्को
आमच्याकडे कायदा मोजायला सोपा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, ६१ दिवस. यांत्रिक बोटीनं किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत जाळं ओढायचं नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी २०१७ पासून बंद. खरी गंमत जाळ्याच्या डोळ्यात, म्हणजे विणीतल्या भोकात आहे. डोळा मोजतात बंदरावर, जाळं पाण्याबाहेर असताना. पाण्यात ओढ बसली की शंकरपाळ्यासारखा डोळा लांबट होतो आणि मिटतो. जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीत भार वाढला की मग तर पुरताच. कागदावर पास झालेल्या जाळ्यातून पिल्लू सुटतच नाही. पिशवीला चौकोनी डोळा लावला तर तो ओढीतही उघडा राहतो. मालक तो नको म्हणतात, कारण बारीक मासळी निसटते. अहो, ती निसटावी म्हणूनच तर तो! त्यावर कुणी पिशवीला बाहेरून बारीक डोळ्याची खोळ चढवतं. मोजमाप आतल्या जाळ्याचं होतं, पकडते बाहेरची खोळ. ही खोळ विणून द्यायची की नाही, हे विणणाऱ्यानंच ठरवायचं.

रापणीवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा), काणकोण
ट्रॉलरवाल्यांना बोलायचं ते बोला, पण वीतभर इसवण (सुरमई) पाहिल्यावर "कोवळी असते" म्हणून आनंदानं पिशवीत टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला कोण विचारतं? तो कायदाबियदा काही मोडत नाही.

मामलेदार कचेरीत वावरणारा, फोंडा
१९७५ चा मुंडकार कायदा घ्या. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, घर आणि आजूबाजूची जागा विकत घेता येते. पंचायत हद्दीत साधारण ३०० चौरस मीटर, शहरात २००. मात्र घराचं भाडं देणारा, किंवा नोकर-राखणदार म्हणून ठेवलेला, मुंडकार ठरत नाही. म्हणून "तू आमच्याच घरचा" म्हणत एखाद्या कागदावर "राखणदार" असं लिहून घेतलं जातं. जिव्हाळाही खरा असतो आणि कागदही तयार असतो. उलट बाजूही आहे. भाटकारानं तोंडी दिलेला शब्द पन्नास वर्षं पाळलेला असतो, आणि वाद निघाल्यावर त्याला कचेरीत वजन नसतं. वजन असतं एक-चौदाच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावरच्या नोंदीला, घरपट्टीच्या पावतीला, जुन्या मतदारयादीला. संबंध गोड असतानाच नोंद करून घ्यावी. त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

हिशेब तपासणारा, मडगाव
थोडक्यात. फ्लॅटच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. "सगळेच घेतात" हे उत्तर नोटिशीला चालत नाही. कर वाचवण्याचे कायदेशीर मार्ग सांगणं आमचं काम. लपवायला मदत करणं आमचं काम नाही.

वकील, पणजी
म्हापशाच्या दस्त लिहिणाऱ्यानं सांगितलं त्याला जोड. फसवून घेतलेला दस्त रद्द करायला तीन वर्षं मिळतात, आणि ती फसवणूक कळल्या दिवसापासून मोजतात. पक्षकारानं "बहिणीला वगळलं" असं झाल्यावर कबूल केलं, तर ते पोटात ठेवणं आम्हाला बंधनकारकच. "वगळायचं आहे, मार्ग सांगा" असं विचारलं, तर ते गुप्ततेच्या पडद्याआड बसत नाही. हा फरक पुष्कळांना, वकिलांनाही, लक्षात राहत नाही.

दस्त लिहिणारा, म्हापसा
बरोबर. बहिणींसाठी एवढंच: सर्वे नंबर मागून घ्या, एक-चौदा ऑनलाइन फुकट दिसतो. नंबर सांगायला भाऊ कां-कूं करू लागला, तर त्या दिवशी सही नको.