दमा, धाप, भरलेली छाती: तुमच्या घरी काय करता? (अनुभव धागा)

थंडी पडली की पुण्यात पहाटेचा धूर खालीच रेंगाळतो आणि खोकल्याच्या उबळी सुरू होतात. तेव्हा घरात काय केलं जातं, कशाने बरं वाटलं, कशाने नाही, हे कृतीसकट लिहा. एकच कळकळीची विनंती: ‘इनहेलर सोडा’ असा सल्ला कोणी देऊ नका.

सुरुवात मी करते. लेकाला बाळदमा आहे. ओवा तव्यावर कोरडाच भाजते, वास सुटला की सुती रुमालात पुरचुंडी बांधते, आधी माझ्या मनगटाला लावून बघते आणि मग त्याची पाठ शेकते. तो शांत होतो, झोपतो. पण छातीतली सूं सूं शेकाने जात नाही. दम्यात श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, आतून सूज येते. ती सूं सूं थांबते स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून घेतलेल्या पंपानेच, म्हणजे इनहेलरनेच. आमच्याकडे आधी पंप, मग पुरचुंडी.

कोथरूडहून
आमचा भरवसा अडुळशावर. सोसायटीच्या कुंपणालाच आहे. पाच-सहा पानं धुऊन, चिरून, ज्येष्ठमधाच्या कांडीबरोबर दोन कप पाण्यात उकळायची, निम्मं उरलं की गाळून खडीसाखर घालायची. कडू लागतो, पण चिकट कफ सुटतो. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच तयार झालं. गरोदर बाईला मात्र अडुळसा अजिबात देऊ नका.

हडपसर
वाफ घ्या, पण साध्या पाण्याची. निलगिरीच्या उग्र वासाने माझी उबळ वाढते. तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर नकोच. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. शेजारच्या चिमुरडीची मांडी भाजलेली पाहिली आहे.

कसबा पेठ, वय 71
अनेक वर्षं विडी ओढली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा आजार. वाड्याचा लाकडी जिना म्हणजे रोजची परीक्षा. फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं ते सांगतो. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, शीळ घालताना करतो तसे ओठ करायचे आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. जोर लावायचा नाही. पायरी चढायची ती श्वास सोडताना; मग कठड्याला धरून थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची पायरी. ओठ आवळून सोडल्याने बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत, अडकलेली हवा बाहेर पडते. धाप लागली की जीव घाबरतो आणि माणूस भराभर श्वास घेतो, त्याने धाप वाढतेच. पंप चालूच आहे, पण या फुंकरीने मला माझा जिना परत मिळाला.

सिंहगड रोड
सासूबाईंचा कोरडा खोकला काही केल्या जाईना. हळद-दूध झालं, सितोपलादि चूर्ण मधातून झालं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गॅलरीत कबुतरं येतात का?” त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज आली होती. औषधं सुरू झाली, आम्ही जाळी बसवली, दाणे टाकणं बंद केलं. साफसफाई आता ओल्या फडक्याने, मास्क लावून, आणि तीही सासूबाई घरात नसताना. काढ्याआधी कारण शोधा हो! रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवतही बघा. भारतात ते पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यातच, 1955च्या सुमारास, आणि त्याच्या परागांनी पुष्कळांचा दमा उसळतो.

धनकवडी, परिचारिका
वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, पंपानेही उतार नाही: यातलं एक जरी दिसलं तरी काढा गॅसवर ठेवत बसू नका, 108ला फोन करा. रुग्णाला आडवं करू नका, टेकून बसवा.

बिबवेवाडी
कोथरूडच्या काकू, आईला रक्तदाब आहे. ज्येष्ठमध चालेल का?

कोथरूडहून
नको गं. रोज घेतला तर रक्तदाब वाढतो. तिला नुसतं कोमट पाणी दे दिवसभर, थोडं थोडं. आणि अडुळशाचं डॉक्टरांना विचारून घे.