विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही आव का?

पाणवठा:
विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर. रोज टीसीएल पडतं, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येतो. तरी वाडीत आवेचे रुग्ण आहेत, तपासणीत अमीबा निघालाय. पावडर कमी पडते की जंतूच दाद देत नाही?

सूक्ष्मदर्शी:
जंतूच दाद देत नाही. सगळे जंतू एकाच माळेचे मणी नसतात. कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरिनला टिकत नाहीत. काविळीचे अ आणि ई विषाणू जरा चिवट, गढूळ पाण्यात वाचू शकतात. अमीबा हा आदिजीव, म्हणजे एकपेशीय जीव. तो विष्ठेतून जाड कवचाच्या कोषात बाहेर पडतो, आणि नेहमीच्या मात्रेतलं क्लोरिन ते कवच भेदत नाही. पाणी खळखळून १ मिनिट उकळलं की मात्र तिन्ही मरतात. १ मायक्रॉनच्या फिल्टरला १०–१५ मायक्रॉनचा कोष अडतो, विषाणू आरपार जातो. म्हणून नुसत्या फिल्टरवर विसंबू नका.

पाणवठा:
मग पावडर दुप्पट करू?

जलसुरक्षक:
नको. कोष मरेल इतकी टाकली तर पाणी तोंडात धरवणार नाही, लोक ओढ्यावर जातील. तुमचं पाणी ३.१४ × व्यास × व्यास × खोली × २५० (१,००० लिटरचा चौथा भाग), म्हणजे ३.१४ × ३ × ३ × ४ × २५०, सुमारे २८,००० लिटर. १,००० लिटरला २.५ ग्रॅम धरून ७० ग्रॅम पुरे. बादलीत आधी पेस्ट, मग पाणी, १० मिनिटं निवळू द्या. वरची निवळीच विहिरीत सोडायची, खालचा चुना फेकायचा. तासभर उपसा बंद. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतला दम जातो, तेव्हा दर वेळी ओटी बघाच. रंग पहिल्या १० सेकंदांत वाचायचा. नंतर गडद होतो तो संयुक्त क्लोरिनचा (अमोनियासारख्या घाणीशी जोडलेलं, म्हणून कमजोर), त्यावर खूश होऊ नका.

आता खरं दुखणं: विष्ठा विहिरीत येतेय कुठून? कठडा, ओटा, सांडपाण्याची नाली बघा. शोषखड्डा १५ मीटरच्या आत असेल तर हलवावाच लागेल.

सूक्ष्मदर्शी:
विहिरीइतकंच हातांकडेही बघा. लक्षणं नसलेला माणूससुद्धा कोष सोडत असतो, त्यामुळे शौचानंतर साबण हवाच. आणि उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या कुणी परस्पर घेऊ नयेत. अमीबाचं औषध वेगळं, विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही.